सिटी ग्रुप

“मांजराने?” राखीने जयमालाचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. “एवढं?”

“खेळकर आहे ना खूप,” जयमाला म्हणाली आणि तिने हात बाह्यांमध्ये ओढून घेतले.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस होता. बुलढाण्यातल्या त्या कॉलेजात अकरावीच्या वर्गाचे सरळ दोन भाग होते. मागचे बाक एस.टी.वाल्यांचे, पुढचा बाक सिटी ग्रुपचा. एस.टी.वाले खेड्यांतून लाल गाडीने येत, एकमेकांना ‘काऊन बे’ म्हणत आणि मधल्या सुट्टीत डबे एकत्र करून जेवत. सिटी ग्रुपमध्ये चौघंच. राखी, आसिम, सागर आणि जयमाला. ते कँटीनमध्ये सँडविच खात आणि ‘का रे’ म्हणत. सागर यायच्या आधी त्याचा सेंट येई. आसिमच्या वडिलांचं जळगाव जामोदला फार्महाऊस होतं. आणि राखीच्या हातांवर दिवाळीची मेंदी पार कोपरापर्यंत चढली होती.

जयमालाही लाल गाडीनेच येई, मोताळ्याजवळच्या एका खेड्यातून. पण ती एक थांबा आधी उतरे, बुटांवरची माती पुसे आणि तिथून चालत येई. वडिलांचा ‘ॲग्रो बिझनेस’ आहे, असं तिने सांगून ठेवलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. घरी सहा एकर कपाशी होती. सुट्टीभर ती आईबरोबर कापूस वेचत होती, आणि वाळल्या बोंडांच्या टोकांना सिटी काय, खेडं काय, सगळे हात सारखेच.

“नाव काय त्याचं?”

“स्नोई.”

“कुठे असतं?”

“आमच्या... फार्महाऊसवर.” हा शब्द तिने आसिमकडून उसना घेतला.

“मग रविवारी मी येतेच. मला मांजरं फार आवडतात.”

झालं. आता रविवारपर्यंत मांजर पैदा करणं आलं. गावात मागून आणता येईल असं एकच होतं, शेजारच्या शकीला चाचीचा बोका. तांबडा, दीड कानाचा, गावातल्या एकूण एक घरचं दूध चाखलेला. शनिवारी जयमालाने त्याला शाम्पू लावून आंघोळ घातली. त्या दिवशी तिच्या हातांवरचे ओरखडे खरोखर मांजराचे झाले.

“राखी आल्यावर तू जास्त बोलू नको,” तिने आईला बजावलं.

“मुकी हाये म्हनून सांग,” विमलबाई म्हणाली.

रविवारी राखी आली. छान पंजाबी ड्रेस, छान ओढणी. ओसरीवर उभी राहून तिने लाडाने हाक मारली, “स्नोई! स्नोई!” स्नोई तेव्हा चुलीजवळ दुधाच्या पातेल्यात तोंड घालून बसला होता. तेवढ्यात विमलबाई आत आली, आणि लेकीची सगळी शिकवण एका क्षणात विसरली.

“मुडद्या! आजबी आला का दूध प्यायले?”

चप्पल सणसणत गेली. स्नोई राखीच्या पायांतून निसटून भिंतीपलीकडे गेला. पलीकडून शकीला चाचीचा आवाज आला, “जयमाला, तुह्या मैत्रिणीचं पाहून झालं का वं? मंग आता इथंच ठेवून घेतो याले!”

जयमाला खाली मान घालून उभी राहिली. उद्यापासून कोण तिच्याशेजारी बसणार होतं?

आता झाकण्यासारखं काही उरलं नाही, हे विमलबाईलाही कळलं. तिने डोक्याला फडकं बांधलं. “तुमी बसा पोरीहो. मले वावरात जायाचं हाये. उद्या पानी येनार सांगतलं, कापूस फुटून उभा हाये, आन् मजूर काही भेटत नाही.”

“मी पण येते,” राखी म्हणाली.

“अगं नको, तुझे हात खराब होतील,” जयमाला म्हणेपर्यंत राखी निघालीसुद्धा.

वावरात पोचताच राखीने ओढणी कमरेला बांधली, तिची झटक्यात ओटी केली आणि एकदम दोन ओळींच्या मधोमध शिरली. डावा हात डावीकडे, उजवा हात उजवीकडे. कापूस ओटीत, कचरा झाडावर. विमलबाई हातातलं काम सोडून पाहत राहिली.

“कोन्या गावची वं तू, बाई?”

“धाडकडच्या खेड्यातली, काकू,” राखी हात न थांबवता म्हणाली. मग तिने जयमालाकडे वळून पाहिलं. “कोपरापर्यंत मेंदी कायले काढली होती वाटते तुले? ओरखडे झाकाले!”

दोघी इतक्या हसल्या, की विमलबाईला ओरडावं लागलं, “हसा, पन हात चालू द्या!” दिवस मावळायच्या आत कापूस घरात आला.

सोमवारी कँटीनमध्ये जयमाला आसिम आणि सागरसमोर उभी राहिली. “आमच्या घरी मांजर नाही, कापूस हाये. राखीच्याही घरी कापूस हाये. आमी दोघी मागच्या बाकावर चाललो. तुमाले बोलायचं असंन तं बोला, नाहीतं राह्यलं.”

आसिमने सँडविच खाली ठेवलं. “आमचं फार्महाऊस म्हंजे संत्र्याच्या बगीच्यातलं मोटरपंपाचं खोपडं हाये.”

“सकाळी चार म्हशींच्या धारा काढून येतो,” सागर म्हणाला. “सेंट काय हौसेनं मारतो का बे?”

दप्तरं उचलून चौघं वर्गात मागच्या बाकांवर गेले. एस.टी.वाल्यांनी सरकून जागा दिली, डबे पुढे केले. शेवटच्या बाकावर गजेंद्र भाकरीवर ठेचा घेत होता. जयमाला त्याच्याजवळ टेकली. त्याचं घर तिला माहीत होतं. कॉलेजच्या भिंतीलाच लागून, तीन मजली, खाली वडिलांचं मोबाईलचं दुकान.

“गजेंद्र, तू तं इथलाच, बुलढान्याचा. मंग तू काऊन इथं बसतो?”

गजेंद्रने हातातला घास खाली ठेवला. त्याने घाबरून दोन्हीकडे पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकला.

“हळू बोल नं वं! इथं मी आठ एकर आन् दोन बैल सांगून ठेवले हायेत.”