दोघांनाही बॅटिंग

रविराजनं पहिलाच चेंडू उचलून थेट शाळेच्या पत्र्यावर टाकला आणि अख्खी सहावी ओरडली, "सिक्स!"

"आउट," विजयश्री मॅडम म्हणाल्या.

"आउट कसा? डायरेक्ट पत्र्यावर गेलाय, मॅडम!"

दोन बाकांना उड्यांची दोरी बांधून केलेलं नेट, खडूनं आखलेली चौकट, एका कंपनीनं भेट दिलेल्या छोट्या रॅकेटी आणि स्पंजचा चेंडू. चाकणच्या पोरांना टेनिसचा चेंडू जन्मापासून ठाऊक. टेनिस तेवढं ठाऊक नव्हतं. मॅडमची शिदोरी तरी केवढी? राजगुरुनगरला झालेलं टेनिसचं दोन दिवसांचं शिबिर. पुन्हा समजावताना त्यांना एकदम सुचलं.

"एक टप्पा आउट खेळता ना? तसंच समजा. चेंडू दोरीपलीकडे चौकटीतच टाकायचा. समोरच्यानं एका टप्प्यात परत पाठवायचा. दुसरा टप्पा पडला, की आउट."

"मग आसं सांगा की!" रविराज म्हणाला. "आन् फिल्डिंगला कोण?"

स्वरूपा सवयीनं कुंपणाकडे निघालीच होती. वडिलांना इथं काम लागलं म्हणून ते सगळे लातूरहून आले, त्याला वर्ष झालं. वर्षभर ती वर्गासोबत क्रिकेट खेळत होती आणि बॅट एकदाही तिच्या हाती आली नव्हती. तिची पाळी आली रे आली, की नेमकी घंटा व्हायची. आता घंटेला तरी काय बोलणार!

"फिल्डिंग कुणालाच नाही," मॅडम म्हणाल्या. "यात दोघांनाही बॅटिंग. स्वरूपा, रॅकेट घे."

तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. भीतीही वाटली आणि हसूही आलं.

रविराजनं मारला. मारणं स्वरूपाला कुठं येत होतं? पण चेंडू कुठं पडणार, ते वर्षभर पळून पळून तिच्या पायांना कळलं होतं. ती आधीच तिथं. टप्पा, आणि परत. त्यानं डावीकडे मारला. परत. मागं मारला. परत! पोरं ओरडत दोरीपर्यंत सरकली. मॅडमही ओरडत होत्या. रविराज दातओठ खात होता. तेवढ्यात स्वरूपाचा चेंडू दोरीला चाटून हळूच पलीकडे पडला. रविराज झेपावला. एक टप्पा. दोन.

"आउट!"

"लई भारी, राव!" धापा टाकत रविराजच म्हणाला.

एवढी मजा स्वरूपाला या गावात आल्यापासून आली नव्हती. तिनं रॅकेट रांगेतल्या पुढच्या मोनिकाला देऊ केली.

"अगं, देतेस काय? जिंकेल तो थांबतो," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजी… परत मीच?"

"हरेपर्यंत तूच."

स्वरूपानं रॅकेट झटकन मागं ओढली. मोनिकाला दोरीपलीकडची जागा दाखवली, गुडघे वाकवून उभी राहिली आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली,

"टाक की गं लवकर!"