पहिलं नको

"बस्स, नको," म्हणत सांबशिवरावांनी केळीच्या पानावर हात आडवा धरला. वत्सलाबाईंनी तो हात बाजूला सारून भात वाढलाच. तमिळ मुलखातल्या या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरांत पहिलं नको कुणी मनावर घेत नाही. दुसऱ्याला जरा कमी वाढायचं. तिसरं खरं.

सांबशिवराव उद्या मुलाकडे कोइमतूरला निघाले होते, कायमचे. बायको राजम गेल्यापासून रोज संध्याकाळी ते इथे फिल्टरची कापी प्यायला यायचे. गेल्या आठवड्यात कापी पिता पिता त्यांनी विचारलं, "आपण लग्न करूया का?"

"अय्यो, नको हो! या वयात!" वत्सलाबाईंच्या तोंडून निघून गेलं. साठीच्या विधवेनं दुसरं काय म्हणायचं? मग आठवडाभर त्या वाट बघत बसल्या, गृहस्थ पुन्हा विचारतील म्हणून. कसले विचारतात! त्यांनी सामान बांधलं.

"एकदाच विचारलंत," त्या भाताचं भांडं खाली ठेवत म्हणाल्या.

"तुम्ही नको म्हणालात."

"म्हणाले. तुम्ही काय परमुलखातले आहात? आपल्यातलं नको ठाऊक नाही तुम्हाला?"

"जेवताना ठाऊक आहे." ते पानाकडे बघत बोलले. "राजमला आमच्या लग्नात कुणी विचारलंच नव्हतं. तिनं ते मला म्हातारपणी सांगितलं. रडली नाही, भांडली नाही, नुसतं सांगितलं. तेव्हापासून असल्या बाबतीत मी पहिल्याच नकोला थांबतो, वत्सलाबाई. तुम्ही रागावलात तरी."

रागवायचंही त्राण उरलं नव्हतं त्यांच्यात. जन्मभर आधी नको म्हणायचं, मग मनातलं कुणी ओळखतंय का ते बघत बसायचं. वीट आला होता त्याचा. पाहुणा जेवत असताना वाढणारीनं बसायचं नसतं. त्या भिंतीला टेकून समोर बसल्या.

"तुम्ही हवे आहात मला," त्या म्हणाल्या. कान तापले, तरी मान खाली घातली नाही. "जाऊ नका."

सांबशिवरावांनी हातातला घास पानावर ठेवला. त्यांनी विचारलं, "मुलाला काय सांगू?"

"सांगा, बाईकडून मागणी आली. आणि नको म्हणायचं असेल तर नीट विचार करून म्हणा. मीही एकदाच विचारणार आहे."