आबांच्या मागचा ड्रोन

दुकानदार मोठा, लांब उडणारा ड्रोन गळ्यात मारत होता, पण मंजुषानं हट्टानं लहानसाच घेतला. त्याला स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम देता येत होता. कोडिंगचा नादच होता तिला. सोनपेठजवळच्या आपल्या गावी आल्यावर तिनं त्याला पहिलंच काम शिकवलं, वडिलांना, आबांना, ओळखून आवाज येणार नाही इतक्या उंचावरून त्यांच्या मागं जायचं अन् सगळं टिपून ठेवायचं. बांधावरून आबांचं त्यांच्या चुलतभावाशी, बजरंगशी, वैर पेटलं होतं, आणि आबा शेतात एकटेच असायचे.

त्या सकाळी आबा शेताकडं निघाले, तसा तिनं ड्रोन त्यांच्या मागं सोडला आणि घरात कामाला लागली. घटकाभरानं आबा रक्तबंबाळ दंड धरून अंगणात कोसळले.

“बजऱ्या कुऱ्हाड घेऊन धावून आला गं. जीव वाचवायला हिसकावली अन् घातली. मेला त्यो.”

खबर लागून आलेले फौजदार आबांना गाडीत बसवायला लागले, तशी मंजुषा लॅपटॉप घेऊन आडवी आली. “थांबा साहेब! माझ्या ड्रोननं सगळं टिपलंय. आबांचा काही गुन्हा न्हाई.”

“ऱ्हाऊ दे, मंजे,” आबा ओरडले. “नको लावू ते!”

रक्त दिसू नये म्हणून म्हणत असतील, असं वाटून तिनं व्हिडिओ सुरू केला.



बजरंग पाइपाच्या पाण्यानं तोंड धूत होता. आबांनी मागून घाव घातला, तो हलायचा थांबेपर्यंत घालत राहिले, आणि मग तीच कुऱ्हाड जपून स्वतःच्या दंडावरून ओढली.