रडकं पुस्तक

ओद्दूरचा हिशेब सरळ होता. गोष्ट ऐकताना माणूस झोपायचं विसरतो, आणि जागा माणूस विणत राहतो. घरातल्या गडीमाणसांच्या हातून हिवाळाभरात निदान पोतंभर मोजे जास्त निघतील. वसंतात बंदरावरच्या दुकानदाराला ते घातले की राय धान्य, कॉफी, तंबाखू घरात. पुस्तक पाद्री फुकट देत होता. खर्च काय तो दिव्याच्या तेलाचा.

"जाड बघून आण," त्याने बायकोला बजावलं. "आणि रडकं. हसताना सुया थांबतात. रडताना हात चालू राहतो."

थोराने उशीएवढं पुस्तक आणलं. आइसलंडच्या हिवाळ्यात दुपारीच अंधारून येतं. गुरांचं आटोपलं की सगळे लांब खोलीत आपापल्या खाटांवर बसत. कुणी लोकर पिंजे, कुणी चरखा धरी, बाकीचे विणत. मधोमध थोरा वाची. वाचणारीचे हात रिकामे राहतात, हे नुकसानही ओद्दूरने धरलं होतं.

पुस्तकात परदेशातला एक गलबतवाला व्यापारी होता. मुलगा समुद्रात बुडालेला, बायको खंगत चाललेली. मुलीने जहाजावरच्या सुताराशी लग्न केलं आणि बापाने दार लावून घेतलं.

"शहाणा माणूस," ओद्दूर घोड्याच्या केसांचा दोर वळता वळता म्हणाला.

खोलीत कुणी वर पाहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीने, रान्वेगने, समुद्राकाठच्या एका कोळ्याशी लग्न केलं होतं. कोळ्याच्या दारात ना जमीन, ना गाय. तेव्हापासून या उंबऱ्याच्या आत तिचं नाव निघत नव्हतं.

नाताळात पाद्री आला, तो बातमी घेऊनच. हिवाळा सरता सरता रान्वेग बाळंत होणार होती. त्या झोपडीत वारा आरपार जातो, असंही तो म्हणाला.

"पहिलटकरीण आहे," थोरा नवऱ्याला म्हणाली. "घेऊन येऊ या तिला."

"चरख्यापाशी उजेड कमी पडतोय," ओद्दूर म्हणाला, आणि त्याने दिवा उचलून चरख्याजवळ नेऊन ठेवला. थोराने पुस्तक मांडीवर घेतलं आणि पुढे वाचायला लागली.

त्यानंतर गोष्टीला काय रंग चढला! सुताराचा पाय मोडला. मुलगी लोकांची जाळी शिवून पोट भरू लागली, तेही दिवस गेलेले असताना. म्हातारी ग्रोआ, जिने ओद्दूरला लहानपणी खांद्यावर खेळवलं होतं, ती विणत असलेल्याच मोज्याने नाक पुसायची. ओद्दूर आधी सुयांचा आवाज मोजत बसे. पुढे त्याचा दोरच वळायचा राहू लागला. एकदा गोठ्यात गवत टाकताना त्याने सहज विचारल्यासारखं केलं, "तिला खोकला झाला होता, तो गेला का?"

"कुणाला?" थोराने विचारलं.

"त्या... पुस्तकातल्या."

"संध्याकाळी कळेल."

"मला काय त्याचं! माणसं विचारतात म्हणून."

ग्रोआ दूध काढता काढता गायीला म्हणाली, "ऐकलंस का गं, माणसं विचारतात!"

आणि मग ती संध्याकाळ आली. मुलीचे दिवस भरत आले होते. व्यापाऱ्याला निरोप पोचला होता. तो खुर्चीत बसून होता.

"मग?" ओद्दूर म्हणाला.

"बसलाय," थोरा म्हणाली.

दिवा फडफडला आणि विझला. तेलाच्या पिंपाची किल्ली ओद्दूरच्या कमरेला. पण त्या दिवशी दिवा भरायचं तोच विसरला होता. कुणी हललं नाही. अंधारात थोराचा आवाज तसाच पुढे चालला. "व्यापाऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर बर्फ होता. तो स्वतःशीच म्हणाला, पाठवू का कुणाला?"

"पाठवतोय कुणाला, गाढवा!" ओद्दूर ओरडला. "स्वतः जा! गडी पाठवलास तर ती यायची नाही. आईवर गेलीय ती, हट्टी. आणि नदी अजून घोडा पेलतेय. आठवड्याने बर्फ फुटला, की बस मग बोंबलत!"

खोलीत एकही सुई वाजत नव्हती. व्यापाऱ्याच्या शहरात नदी नव्हती. ते ओद्दूरच्याही ध्यानात आलं, पण जरा उशिरा.

"थोरा," तो हळूच म्हणाला, "दिवा कधी गेला?"

"मघाशीच."

"मग तू वाचतेस काय?"

"दिवा तू नाताळात चरख्यापाशी नेलास. तेव्हापासून मला कुठे अक्षर दिसतंय? आणि पुस्तक तर त्याच्या आदल्या दिवशीच संपलं."

"इतके दिवस गायीसुद्धा फसल्या नसत्या, ओद्दूरा," अंधारातून ग्रोआ म्हणाली.

सकाळी त्याने दोन घोडे काढले. एकाच्या खोगिरावर मेंढीचं कातडं अंथरलं होतं, बाईमाणसाला बसता येईल असं. निघताना लगाम ओढून तो म्हणाला, "खरं सांग. पुस्तकात तो उठला का?"

"तू आधी जाऊन ये," थोरा म्हणाली.

वसंतात मोज्यांचं पोतं नेहमीपेक्षाही हलकं भरलं. सगळ्यांचे हात गोष्टीत अडकलेले, विणणार कोण? कॉफी आली नाही, तंबाखू अर्धाच आला, आणि ग्रोआ उन्हाळाभर कुरकुरली. अंगठ्याएवढा एक जोड तर ओद्दूरने तराजूत घालूच दिला नाही. ते घालणारे इवले पाय घरात आले होते. पुस्तक थोराने पाद्र्याला जसंच्या तसं परत केलं. तेव्हा खरी किंमत मोजली ती एकट्या त्या व्यापाऱ्याने. शेवटच्या पानावर तो अजून खुर्चीत बसून आहे.