मध्यावरचा काटा

न्यायाधीश रेडकरांच्या मनाचा कल मोजणारा भिंतीवरचा काटा हळूच कुमुदिनीबाईंच्या बाजूला झुकला.

"झुकला!" बँकेचे वकील घैसास ताडकन उठले. "साहेबांना बाईंची दया येतेय. नियमाप्रमाणे साहेबांनी या प्रकरणातून बाजूला व्हावं."

दिवाळखोरी न्यायालयातले असे तीन न्यायाधीश आधीच बाजूला झाले होते. तिघंही भली माणसं, हीच तर अडचण. बाईंच्या बेकरीच्या लिलावावरची स्थगिती आज संध्याकाळी संपत होती. चौथा बाजूला झाला की पाचवा येईपर्यंत भट्ट्या भंगारात जाणार. बँकेचा आरोप एकच, बाईंनी हिशेब लपवले.

रेडकर उठू लागले, तशा कुमुदिनीबाई कडाडल्या, "बसा हो! आधीचे तिघं हळहळले आणि घरी गेले, मला काय उपयोग? आणि मघाशी मी जीव तोडून बोलत होते, तेव्हा तुम्ही डुलक्या घेत होतात. घोरलातसुद्धा!"

रेडकर लालबुंद झाले. काटा सरसर मागे आला आणि मध्यावर थांबला.

"सुनावणी चालू राहील," ते गुरगुरले.

घैसासांची धांदल उडाली. काटा पुन्हा झुकवायलाच हवा होता. "साहेब, राग नका धरू. बाई अगदी सरळ आहेत हो. एक पैसा लपवला नाही त्यांनी, मी स्वतः हिशेब तपासलेत!"

काटा हलला नाही. रेडकर लेखनिकाकडे वळले. "बँकेच्या वकिलांचं हे निवेदन शब्दशः नोंदवून घ्या."

"आणि खाली त्यांची सही घ्या," कुमुदिनीबाई म्हणाल्या.