गालाला हात

"रेशमाला हात लावायच्या आधी तो गालाला लावून बघ. गालाला बोचला, तर रेशमालाही बोचणार." लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात शिलाई मशीनपाशी बसवून सासूबाईंनी तिला हे शिकवलं होतं. पुढे कौतुक कधीच नाही. उलट थंडी पडली की दरवर्षी तिला नळापासून हटवायच्या, "हो बाजूला! तुला मेलीला भांडी घासता येत नाहीत."

यंदा तिला तो टोमणा झोंबला. आठवडाभर तिने हट्टाने सगळी भांडी, सगळं धुणं एकटीने उपसलं. आता नवरीचा रेशमी पोशाख मांडीवर होता, नवरी संध्याकाळी तो न्यायला येणार होती, आणि भेगाळलेल्या बोटांना धागे अडकत होते. मलम लावावं तर कापडाला डाग. तिने श्वास रोखून बोट सोडवलं. तरी एक धागा ओढला गेलाच.

"थांब, हात लावू नकोस!" म्हणत सासूबाई तशाच बाहेर पडल्या आणि लाकूड घासायचा बारीक काचपेपर घेऊन आल्या. त्यांनी तिचं एकेक बोट हलकेच घासलं, मग तिचा हात धरून तिच्याच गालाला लावला.

बोटं बोचली नाहीत. बोचला तो हात धरणारा सासूबाईंचा तळवा, भेगांनी चिरलेला.

"भांडी तू चांगलीच घासतेस गं," त्या हळूच म्हणाल्या, "पण दोघींतल्या एकीचे तरी हात रेशमासाठी राखायला हवे होते ना."