टिटवीसाठी वळलेली साखळी

त्रेपन्न सालच्या चैत्रात पिंपरीच्या शिवारात कारखान्यासाठी जमीन मोजली जात होती. मोजणीची साखळी सगुणाबाईच्या बांधावरच्या दगडावरून गेली. त्याखाली तिचं महिन्याचं लेकरू पुरलेलं होतं. "सायेब, हातभर तरी सरकवा की," ती म्हणाली. "सरकारी रेघ आहे, बाई. ती कुणासाठीच हलत नाही," मोजणीसाहेब म्हणाले. थोडं पुढं जाताच एक टिटवी ओरडत त्यांच्या अंगावर आली. समोरच्या मुरमात मुरमाच्याच रंगाची चार अंडी होती. साहेब मागं सरले आणि त्यांनी गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली. टिटवी ओढ्यावर पोट भिजवून आली आणि ओल्या पिसांनी तापलेली अंडी निववत बसली. "वा! काय पण आईची माया!" साहेबांचा चेहरा उजळला. "साखळी वळवा रे, अंड्यांना धक्का लागता कामा नये." साखळी वळली. दिवस मावळताना सगुणाबाईने ती अंडी पदरात घेतली आणि लेकराच्या दगडापाशी अलगद मांडली. "आता हितंबी वळंल बघ," ती दगडाला म्हणाली. सकाळी अंडी गार पडली होती. टिटवी त्यांच्याकडं फिरकलीच नव्हती. साहेबांचे डोळे भरून आले. "चार जीव घेतलेस! आईचं काळीज आहे का तुला?" आता वळायचं कारण उरलं नव्हतं. साखळी सरळ झाली, आणि मोजणीच्या खुंटीला आडवा येणारा दगड गड्याने उपटून बाजूला टाकला. टिटवी रिकाम्या मुरमाभोवती ओरडत फिरत राहिली. सगुणाबाईला तिच्याकडं बघवेना.